घाटात उकळणारी गाडी: कूलंट टाकीच्या झाकणाचं एक प्रकरण

इंदूरच्या सुदामा नगरातली आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. इंजिन १.२ लिटरचं, धाव ६२ हजार किलोमीटर, वापर एकाच कुटुंबाचा. राजवाडा, भाजी मंडी, दवाखाना एवढ्या फेऱ्यांत गाडी कधी कुरकुरत नाही. ओंकारेश्वरला जाऊन आलं की मात्र कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी रिकामी होत आलेली. मे महिन्यात अशाच एका फेरीत चोरल सोडून भेरूघाट चढला तेव्हा गाडीत पाच माणसं होती आणि एसी चालू होता. सिमरोलला चहासाठी थांबून इंजिन बंद केलं आणि दोनेक मिनिटांत बॉनेटखालून फुसफुस, गोडसर वास, पुढच्या चाकाशी फिकट गुलाबी पाण्याचं थारोळं. पुन्हा चावी फिरवली तर तापमानाचा लाल दिवा. गाडी थंड होऊ दिली, टाकीत नळाचं पाणी ओतलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात बॉनेट उघडायच्या आधीच निदान मिळालं: "भिया, हेड खुलेगा." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो व ब्लॉक यांच्यामधलं सील म्हणजे हेड गॅस्केट. संशय अगदीच निराधार नव्हता. जमिनीवर एरवी थेंबही न पडता कूलंट कमी होणं आणि जोर पडला की उकळणं ही हेड गॅस्केट गेल्याचीही लक्षणं आहेत. पण हेड उतरवायचं म्हणजे नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, टायमिंगचं काम, हेड सपाट आहे का ते तपासणं आणि वाकलं असेल तर घासून घेणं. एवढा खर्च काढण्याआधी तास-दीड तासाच्या चाचण्या होतात. त्या ठरावीक क्रमानेच कराव्या लागतात, नाहीतर खरा दोषी सुटून जातो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करावी लागते: बॉनेटखालची प्लास्टिकची टाकी दाबाखालची आहे की नुसती साठवणीची. अनेक गाड्यांत दाब धरणारं झाकण रेडिएटरवरच असतं आणि बाजूची बाटली फक्त वर आलेलं पाणी झेलते. तिचं झाकण म्हणजे साधं बूच. ते बदलून काहीही साधत नाही, तरी लोक तेच बदलतात. या गाडीत रेडिएटरला झाकणच नाही. जाड भिंतीची गोलसर टाकी, तिला वरून बारीक हवेचा पाइप, खालून जाड पाइप आणि आटे असलेलं झाकण. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला: १.४ बार (बार हे दाबाचं माप). म्हणजे टाकी दाबाखालची आणि दाब सांभाळायचं काम या एकाच झाकणाचं.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पाहिली तेव्हा पातळी मिनच्या (किमान) रेषेखाली दोन सेंटिमीटर होती. झाकणाच्या कडेखाली, टाकीच्या बाहेरच्या अंगाला पांढुरकी गुलाबी पपडी जमली होती आणि तिचा ओघळ खाली आतल्या गार्डपर्यंत वाळलेला होता. बाकी ठिकाणं कोरडी: वॉटर पंपाचं निचऱ्याचं भोक, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे सांधे, होजच्या (रबरी पाइपांच्या) क्लिपा, थर्मोस्टॅटचं (कूलंट तापला की रेडिएटरची वाट उघडणाऱ्या वॉल्वचं) हाउसिंग. आत पायाखालचं कार्पेट कोरडं आणि काचेवर तेलकट वाफ नाही, म्हणजे हीटरची जाळी (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) शाबूत. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ. (ऑइल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा साय दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नसतं, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही जमतो. डिपस्टिकवर दिसला तर गोष्ट वेगळी.)

मिश्रण किती दाट आहे ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर कूलंटचा थेंब टाकला तर गोठणबिंदू उणे १५ अंशांच्या आसपास आला. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) आणि निम्मं पाणी असेल तर तो उणे ३५च्याही खाली जातो. म्हणजे वरचेवर पाणी टाकून टाकून मिश्रण तीस टक्क्यांवर आलं होतं. इंदुरात उणे १५ची गरज कुणाला नाही, हे खरं. पण ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी द्रव्यंही पातळ होतात आणि उकळबिंदूही उतरतो. शिवाय पाणी कुठलं टाकलं तेही महत्त्वाचं, आणि ते गाडीच्या मालकांना, काकांना, विचारल्यावरच कळलं.

"काका, टाकीत काय टाकता आणि कुठपर्यंत?"

"बोरिंगचं पाणी, दुसरं काय! आणि भरतो गळ्यापर्यंत. कमी होतंय म्हटल्यावर जास्तीचं असलेलं बरं ना?"

पुढच्या सगळ्या निदानाची किल्ली या उत्तरात होती, पण चाचण्यांआधी ती लावून मोकळं होणं बरोबर नव्हतं. काकांकडे सर्व्हिसच्या वहीत प्रत्येक वेळी किती पाणी टाकलं याची नोंद होती. ती चाळल्यावर दिसलं की शहरातल्या आठवड्यांत टाकी जवळजवळ जागची हलत नाही. घाट किंवा लांबचा हायवे झाला की एकदम अर्धा-पाऊण लिटर जातो. बारीक गळती रोज थोडी थोडी खाते. एका दमात जाणारं पाणी म्हणजे दाबाखाली बाहेर फेकलं गेलेलं पाणी.

आता चाचण्या. थंड इंजिनवर झाकण काढून त्या आट्यांचा अडॅप्टर लावला आणि हातपंपाच्या प्रेशर टेस्टरने १.३ बार भरले. झाकणावर लिहिलेल्या आकड्यापुढे कधी जाऊ नये, जुनी टाकी किंवा हीटरची जाळी फाटते. १५ मिनिटांनी काटा जवळपास तिथेच, कुठे थेंब नाही. इंजिन कोमट असताना ही चाचणी केली तर कूलंट थंड होत जातो तसा काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते; म्हणून ती सकाळीच करावी.

बरीच गॅरेजं इथे येऊन थांबतात: सिस्टीम दाब धरते आहे, बाहेर गळत नाही, म्हणजे पाणी आत सिलिंडरमध्ये जात असणार, चला हेड खोला. या तर्कातली चूक साधी आहे. टेस्टर बसतो तोच मुळी झाकणाच्या जागी. म्हणजे या चाचणीत सगळी सिस्टीम तपासली जाते, एक झाकण सोडून. ज्या गाडीत ही चाचणी पास होते आणि तरीही पाणी जातं, तिथे झाकणावरचा संशय कमी होत नाही, वाढतो.

हेड गॅस्केटचा निकाल मात्र आधी लावला. टाकीवर गेज तसाच ठेवून, दाब शून्यावर आणून थंड इंजिन सुरू केलं. गॅस्केट गेलं असेल तर जळलेला वायू थेट पाण्यात शिरतो आणि कूलंट तापायच्या आधीच, पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत काटा चढू लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की उड्याही मारतो. इथे काटा तापमानाच्या मागोमाग सावकाश चढला. मग इंजिन बंद करून, गार होऊ देऊन ब्लॉक टेस्टर लावला: काचेच्या नळीत निळा द्रव, टाकीतली हवा रबरी फुग्याने त्यातून ओढायची, जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असला की निळ्याचा पिवळा होतो. दोन मिनिटं चालत्या इंजिनवर ओढूनही निळा निळाच राहिला. टाकीतली पातळी आधी थोडी उतरवून घ्यावी, नाहीतर कूलंटच नळीत खेचला जाऊन द्रव फुकट जातो. घाटातल्यासारखा ताण पडल्यावरच उघडणारी बारीक फट या चाचणीतून कधी निसटू शकते, पण दोन्ही चाचण्या एकच सांगत असताना हेडला हात लावायचं कारण उरत नाही. पंख्याचे दोन्ही वेग, रिले आणि थर्मोस्टॅटचं उघडणं स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) तापमान बघत तपासलं. सगळं जागेवर होतं.

मग झाकण. त्याच्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो, एका बाजूला टेस्टरचा पंप आणि दुसऱ्या बाजूला टाकीच्या गळ्यासारखे आटे. पंप असतो, हा तुकडा नसतो, अशी गॅरेजं पुष्कळ. म्हणून झाकण तपासायचं राहूनच जातं. ओ-रिंग (झाकणाची गोल रबरी कडी) आणि वॉल्वचं रबर कूलंटने ओलं करून घेतलं, कारण कोरडं रबर चांगल्या झाकणालाही नापास करतं. पंप मारला. काटा सरळ चढत १.४ वर गेला आणि झाकणाने फुस्स केलं. इथवर उत्तम, उघडायचा दाब छापलेल्या आकड्याइतका.

थांबायचं नाही ते इथेच. चांगला वॉल्व जादाचा दाब सोडून लगेच बसतो आणि काटा थोडासा उतरून थबकतो. हा काटा १.२ वर थांबला नाही, १ वर थांबला नाही, घरंगळत ०.३ बारवर आला. पुन्हा पंप मारला तर ०.४ च्या पुढे जाईना. हवा मारावी तेवढी कडेने निसटत होती. झाकण टेबलावर दोनदा आपटून परत लावलं तर पुन्हा १.४ पर्यंत गेलं, पुन्हा उघडलं आणि पुन्हा बसलं नाही. एकदाच पंप मारून 'दाब धरतंय' म्हणणाऱ्याच्या हातून हे झाकण पास झालं असतं.

नवं झाकण आल्यावर जुनं हॅकसॉने उभं कापून पाहिलं. पोटात दोन वॉल्व असतात. मोठा, जाड स्प्रिंगचा, दाब वाढला की उघडणारा. त्याच्या मधोमध छोटा, नाजूक स्प्रिंगचा, गाडी थंड होताना आत पोकळी झाली की बाहेरची हवा आत घेणारा. मोठ्या वॉल्वच्या रबरी बैठकीवर पांढऱ्या क्षाराचा रव्याच्या कणाएवढा खडा चिकटला होता आणि त्याच्याखाली रबराला खोच पडली होती. कड्यावरची ओ-रिंग गोल राहिली नव्हती, एका बाजूने चपटी आणि नखाने दाबली तर न दबणारी. स्प्रिंग मात्र ठणठणीत. म्हणजे वॉल्व योग्य दाबाला उठायचा, पण उठल्यावर खडा आडवा आला की परत नीट बसायचा नाही. हा क्षार आला बोरिंगच्या पाण्यातून. नळाला येणारं नर्मदेचं पाणी टाकलं असतं तरी काही फार मोठा फरक पडला नसता; कूलंटमध्ये डिस्टिल्डच पाणी घालायचं असतं.

आता प्रश्न असा की वॉल्व मुळात उठत का होता? चांगल्या अवस्थेतल्या सिस्टीममध्ये तो क्वचितच उठतो. काकांचं 'गळ्यापर्यंत' इथे कामी येतं. या गाडीत एकूण कूलंट साधारण साडेपाच लिटर. ३० अंशांवरून १०० अंशांवर जाताना तो चार-साडेचार टक्के फुगतो, म्हणजे जवळजवळ पाव लिटर. हे वाढलेलं पाणी मावतं टाकीतल्या हवेच्या जागेत. पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये असताना ती जागा समजा ८०० मिलिलिटर आहे; ती ५५० वर येते, हवा तापते, वाफेची भर पडते, आणि दाब सव्वा बारच्या आसपास जातो. झाकण मिटलेलंच राहतं. टाकी गळ्यापर्यंत भरून हवेला ३०० मिलीच ठेवले तर पाव लिटर फुगल्यावर उरतात ५०. होज थोडेफार ताणतात, तरी दाब १.४ च्या पुढे जाणार आणि झाकण उघडणारच. झाकण धड असतं तर जादाचं पाणी बाहेर टाकून बसलं असतं आणि पातळी आपोआप जागेवर आली असती. हे बसलं नाही, त्यामुळे सगळाच दाब निघून गेला. मग कमी झालं म्हणून पुन्हा गळ्यापर्यंत पाणी, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

दाब गेल्याने काय बिघडतं ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर. इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या जवळपास आणि उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. त्यावर १.४ बारचा दाब चढवला की साधं पाणीही १२५ अंशांपर्यंत उकळत नाही; ग्लायकॉल त्यात आणखी काही अंशांची भर घालतं. दाब ०.३ वर आला की साध्या पाण्याचा उकळबिंदू १०६. एसी लावून घाट चढताना सेन्सरवर १०० ते १०५ अंश दिसणं काही वावगं नाही, पण हेडमध्ये एग्झॉस्ट वॉल्वच्या बैठकीभोवती धातू त्याहून कितीतरी तापलेला असतो. तिथे आधी वाफ धरते. सिमरोलला इंजिन बंद झालं तसा पंपही थांबला, धातूतली उष्णता जागच्या जागी पाण्यात उतरली आणि टाकी उकळली. गाडी चालताना काही न होता थांबल्यावर पाणी फेकलं गेलं ते त्यामुळे. गाडीतला तापमानाचा काटा दाब बघत नाही. पातळी फारच उतरून सेन्सर वाफेत उघडा पडला तर तो उलट कमी तापमानही दाखवतो.

झाकण दुरुस्त करायची वस्तू नाही. व्हिनेगरमध्ये बुडवून क्षार सुटेल, पण रबराची खोच भरून येत नाही. काहीशे रुपयांचा भाग आहे, बदलायचा. बदलताना फसगत होते ती आकड्याची: आटे जुळणारी, रंगाने सारखी झाकणं वेगवेगळ्या दाबांची मिळतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, १४.५ पीएसआय, ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. खुणा यांपैकी कुठल्याही मापात असू शकतात. या गाडीसाठी बाजारातून आधी आलेल्या झाकणावर कसलीच खूण नव्हती. टेस्टरवर ते ०.९ लाच उघडलं, तसंच परत पाठवलं. दुसरं १.४चं, तीन वेळा उघडून तिन्ही वेळा बसलं, तेच लावलं. जास्त दाबाचं झाकण लावलं की गाडी तापणार नाही, हा सल्लाही सर्रास मिळतो. त्याने फक्त फुटायची जागा बदलते, झाकणाऐवजी टाकीची शिवण किंवा हीटरची जाळी. टाकीच्या गळ्याची वरची कडा बोटाने फिरवून आणि टॉर्चने पाहिली. तिथे केसासारखी चीर असली तर नवं झाकणही टिकत नाही, आणि दोष झाकणाच्या माथी जातो.

कूलंट पूर्ण बदलला. खालचा होज काढून सुमारे ४ लिटर निघतो. दीड लिटर ब्लॉकमध्ये राहतोच. डिस्टिल्ड पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुतल्यावर आत उरलेलं दीड लिटर म्हणजे नुसतं पाणी. म्हणून निम्मं-निम्मं मिश्रण हवं तर २.७५ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला कूलंट) आणि १.२५ लिटर डिस्टिल्ड पाणी घालायचं. तयार मिश्रण विकत आणून ४ लिटर ओतलं तर आतल्या पाण्याने ते ३६ टक्क्यांवर येतं, हा हिशेब बरेचजण करतच नाहीत. कूलंटचा प्रकार गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे. नुसता रंग जुळतो म्हणून दोन प्रकार मिसळू नयेत. हवा काढताना हीटर पूर्ण गरमवर, हवेचा स्क्रू सैल, वरचा होज हाताने दाबत राहायचं, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. पातळी शेवटी थंड गाडीत, मॅक्सच्या रेषेवर, वर नाही. काढलेला कूलंट घमेल्यात उघडा ठेवू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री आणि गाई तोंड घालतात.

खात्री करायची ती त्याच रस्त्यावर. टाकीचं बाहेरचं अंग धुऊन पुसून झाकणाखाली गळ्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी रबर बँडने बांधली. टेस्टर नसलेल्यालाही करता येणारी ही चाचणी आहे. भेरूघाट, एसी चालू, पुन्हा सिमरोलला इंजिन बंद. स्कॅनरवर कमाल १०३ अंश, थांबल्यावर काही अंश वर जाऊन उतरले. आवाज नाही, वास नाही. झाकणाला हात दुसऱ्या दिवशी सकाळीच लावला, दाबाखालचा शंभर अंशांचा कूलंट झाकण सैल होताक्षणी उसळून अंगावर येतो, फडकं धरूनही त्यातून सुटका नाही. वरचा होज मुठीत आरामात धरता येत नाही तोवर झाकणाकडे बघायचंही नाही. पट्टीवर गुलाबी डाग नव्हता, पातळी रेषेवर होती.

झाकण उलट्या बाजूनेही बिघडतं. मोठा वॉल्व अडकून बंदच राहिला तर पाणी कमी होत नाही, पण होज दगडासारखे कडक होतात आणि एखादा जोड फुटतो. छोटा वॉल्व अडकला तर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज सकाळी चपटा दिसतो आणि झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. अशा वेळी होज खराब समजून तोच बदलला जातो.

या गाडीची टाकी आठ वर्षांची, प्लास्टिक पिवळसर पडलेलं, पण शिवण अजून धड आहे. काकांना मॅक्सच्या रेषेवर पांढऱ्या रंगाची ठळक खूण करून दिली आहे. पुढच्या सर्व्हिसला शिवणीवर टॉर्च मारून पाहायचं आणि नवं झाकण पुन्हा एकदा टेस्टरवर तीनदा उघडायचं, असं त्याच वहीत लिहून ठेवलं आहे.